एक मिसळ, तिखट कमी

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या शोकसभेत माझं नाव दोनदा आदराने घेतलं गेलं. एकाने सांगितलं, "त्यांना पहिली नोकरी यांनी दिली." दुसरा त्याच्याही पुढे गेला, "त्यांच्यातला गुण यांनी ओळखला." मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे आणि खरं काय ते सांगायचं मी दर वेळी टाळत आलो आहे. आता मास्तर नाहीत, आणि माझंही काही खरं नाही. म्हणून लिहितो. मी त्यांना नोकरी दिली नाही, आणि ओळखलं तर मुळीच नाही.

मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. पण इतका नेमका टोमणा मारणारा माणूस मी शनिवार पेठेत दुसरा पाहिला नाही, आणि या कलेत आमच्या पेठेत स्पर्धा किती आहे ते पुणेकरांना सांगायला नको. एक भुवई वर गेली की समोरच्याने समजून घ्यायचं. माणसाला नाव ठेवायचं तर त्यांना एक खूण पुरे. आमच्या उपाहारगृहात एक निवृत्त प्राध्यापक रोज येत आणि चमचा स्वतःच्या रुमालाने पुसून, उजेडात धरून बघत. मास्तरांच्या भाषेत त्यांचं नाव तेवढंच होतं: चमचा पुसायचा, उजेडात धरायचा. माझ्या बायकोचं नाव कपाळावर टेकलेलं बोट आणि मग पुढे केलेलं ताट. माझंही नाव होतं. चष्मा नाकाच्या टोकावर ओढायचा, नजर खाली ठेवायची आणि हाताची पाठ समोर करून दोनदा झटकायची.

ते नाव मी स्वतः कमावलेलं आहे. मी गल्ल्यावर बसून पेपर वाचत होतो. एक तरुण समोर उभा राहिला. भांग चापून पाडलेला, शर्टाला इस्त्री. त्याने आधी टेबलावरच्या बशांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात आलं आणि तेवढ्यावर माझा विचार संपला. पेपरातून मान वर न करता मी हात झटकला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. मी पुन्हा झटकला.

त्यानंतर मला कावीळ झाली आणि मी बरेच दिवस अंथरुणाला खिळलो. गल्ल्यावर ही बसू लागली. मी परत आलो तर तो भांग पाडलेला तरुण मोरीवर ताटं घासत होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"माणूस आहे."

"मी याला नको म्हटलं होतं."

"तुम्ही हात हलवला होता. म्हटलं काहीच नव्हतं," ही म्हणाली आणि गल्ल्यावरून उठली. मला बसायला जागा मिळाली. तर पहिली नोकरी कोणी दिली, याची नोंद अशी आहे.

मी त्यांना काढलं नाही. पण मोरीवरून उठूही दिलं नाही. त्यांना वाढायचं काम हवं होतं. एकदा त्यांनी भरलेला ट्रे उचलला आणि बाहेर निघाले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. कारणं माझ्याकडे तयार होती. आमच्याकडे ऑर्डर ओरडून द्यायची पद्धत. दारातून वेटर ओरडणार, आतून आचारी ओरडून उलट विचारणार. यात बहिऱ्या माणसाचं काय काम? शिवाय गिऱ्हाइकांना कसं वाटेल? गिऱ्हाइकांना मी विचारलं नव्हतं. त्या काळात मी त्यांना 'अरे मुक्या' म्हणत असे. इथे लिहिताना अहो-जाहो करतो आहे, हा आदर नंतरचा आहे. एकदा आजच्या पदार्थांच्या फळ्यावर, साबुदाणा खिचडीच्या खाली, त्यांनी खडूने लिहिलं होतं: "अरे-तुरे ऐकू येत नाही. दिसतं." अक्षर सुंदर होतं. मी ते पुसून टाकलं.

दुपारी दुकान बंद असताना मास्तर कामगारांना एक नक्कल करून दाखवत. आमच्याकडे येण्याआधी ते जिथे जिथे काम मागायला गेले, त्या सगळ्या साहेबांची ती नक्कल होती. भोसरीच्या कारखान्यातला साहेब कानाला बोट लावायचा, मग फिरणारं मशीन दाखवायचा, मग तुटलेलं बोट. कचेरीतला साहेब पोट सावरत फोन उचलायचा आणि खांदे उडवायचा. कापडाच्या दुकानाचा मालक दोन्ही हात जोडून आकाशाकडे बघायचा, म्हणजे देव तुझं भलं करो, पण इथे नको. सगळ्यात शेवटी यायचा तो चष्मा नाकाच्या टोकावर असलेला, पेपर वाचणारा मालक. पोरं हसून लोळायची. मीही हसायचो. न हसून सांगतो कोणाला?

मग ते विसर्जनाचं वर्ष आलं. मिरवणुकीच्या दिवशी आमच्या भागात काय आवाज असतो ते ज्याने सोसलं त्यालाच माहीत. समोरच्या रस्त्यावर ढोल-ताशाची पथकं एकामागोमाग एक, भिंतीवरची घड्याळंसुद्धा थरथरत होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वेटर ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते आणि आचारी मिसळीच्या जागी खिचडी काढत होता. त्या दिवशी अख्खी पेठ बहिरी झाली होती. फरक इतकाच, की सवय फक्त मास्तरांना होती.

ते मोरीवरून उठले, हात पुसले आणि थेट बाहेर गेले. या वेळी ट्रे काढून घ्यायला मला सवड नव्हती. टेबलाशी गेले की भुवई वर, गिऱ्हाईक बोट दाखवणार, आणि मास्तर तिथूनच, माणसांच्या डोक्यावरून, आचाऱ्याला खूण करणार. डाव्या तळव्यावर उजव्या हाताने फरसाण भुरभुरलं की मिसळ. मूठ दाबली की वडा. तोंडापुढे पंख्यासारखा हात हलवला की तिखट, आणि त्यानंतर चिमूट दाखवली की तिखट कमी. आचारी दोन-तीन वेळा चुकला, मग लागला भराभर ताटं काढायला. संध्याकाळपर्यंत सगळे वेटर तेच करू लागले होते. चमचेवाले प्राध्यापक हिच्या कानाशी जाऊन ओरडले, "अहो, याला ऐकू येत नाही ना?"

ही ओरडली, "नाही! पण तुमच्यापेक्षा लवकर कळतं!"

त्या दिवसापासून आमच्याकडे ओरडणं बंद झालं. एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीत नाहीतरी कोणाचं काही ऐकू येत नव्हतंच; इतकी वर्षं आम्ही उगाच ओरडत होतो. ज्यांनी आम्हा सगळ्यांना ही भाषा शिकवली त्यांना पोरं आपणहून 'मास्तर' म्हणू लागली. पुढे मास्तर मुख्य वेटर झाले, आपल्या मूकबधिरांच्या शाळेतले आणखी दोघे त्यांनी आणले. लोक लांबून खुणा बघायला यायचे आणि मिसळ खाऊन जायचे. "वा, काय कल्पना काढलीत," असं मला म्हणायचे. मी 'छे छे' म्हणायचो. 'छे छे' म्हणजे नाही नव्हे, हे पुण्यात सगळ्यांना कळतं.

गुडघे बोलू लागले तेव्हा मी दुकानातून निवृत्त व्हायचं ठरवलं. मुलगा बंगळुरूला, त्याला यात रस नव्हता. ही बातमी फुटली त्या दुपारी मास्तर नवा शर्ट घालून आले. फळा पुसून त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: "दुकान मला चालवायला द्या. भाडं वेळेवर देईन. नाव तुमचंच ठेवीन." खडू ठेवला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षं ज्याने दुकान चालवलं तो माणूस ते मागत होता. यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल.

मी गल्ल्यावरच्या टेलिफोनकडे बोट दाखवलं. फोन कोण घेणार? दूधवाल्याशी, किराणावाल्याशी कोण बोलणार? आणि मग, देवाशपथ सांगतो, माझ्याही नकळत माझा हात झटकला गेला. दोनदा.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माणूस आपलं नाव स्वतःच्या तोंडाने सांगतं, तेव्हा बघावं तसं. मग फळ्यावरचं पुसून त्यांनी लिहिलं: "उद्यापासून मी नाही. खिचडी आज चांगली झाली आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुकान मी मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं. ही बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत मास्तरांनी स्वतःचं दुकान कसं उभं केलं, ते मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मी घालवला होता. पण ते बघायला मात्र मी जात असे आणि सांगायला हरकत नाही, ऊर भरून येई. दारातच पाटी होती: "येथे हळू बोला. जोरात बोलून उपयोग नाही." आणि आत, पदार्थांच्या चित्रांखाली: "बोट दाखवणे हा येथे उद्धटपणा नाही." कामाला बहुतेक ऐकू न येणारी मुलं-मुली. गल्ल्यावर पोलिओ झालेल्या एक बाई, त्यांच्यासाठी गल्लाच खुर्चीच्या उंचीला उतरवलेला. आणि टेलिफोन? तो कोणी करतच नव्हतं. ऑर्डर मोबाइलवर येत, ऑर्डर आली की भिंतीवरचा तांबडा दिवा लागे. ज्या वस्तूकडे बोट दाखवून मी त्यांना नाकारलं, ती वस्तूच जगातून निघून गेली होती.

मास्तरांची मुलाखत घ्यायची रीत मी तिथे बसून पाहिली आहे. काम मागायला कोणी आलं की आधी त्याला खायला घालायचं. मग दुकानभर हात फिरवून विचारायचं, कुठे उभं राहायला आवडेल? तुला काय येत नाही, हे ते विचारत नसत. ते दिसतंच, असं त्यांचं म्हणणं. पण दया नव्हती हं. एक आळशी मुलगा वारंवार उशिरा येई. त्याच्या आईने येऊन गयावया केली, बिचाऱ्याला ऐकू येत नाही हो. मास्तरांनी पाटीवर लिहून दिलं: "मलाही येत नाही. बिचारे देवळाबाहेर बसतात, इथे उभं राहावं लागतं." तो मुलगा पुढे सुधारला. शोकसभेची सगळी व्यवस्था त्यानेच पाहिली.

मला हल्ली कमी ऐकू येतं. कानात यंत्र घालून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मास्तरांनी ते बघून हात पसरले: या, आलात का शेवटी आमच्यात! सगळं दुकान हसलं. मला ते स्वागत वाटलं, आणि ते होतंही.

मग एका संस्थेने त्यांचा सत्कार केला आणि 'पहिले मालक' म्हणून मलाही व्यासपीठावर बसवलं. निवेदिका म्हणाली, या थोर गृहस्थांनी एका निराधार तरुणाला हात दिला. शेजारी उभी असलेली मुलगी ते सगळं मास्तरांना खुणांनी सांगत होती. 'हात दिला' तिने कसं सांगितलं ते मी पाहिलं नाही, मी जमिनीकडे बघत होतो. मला शाल घातली, हातात नारळ दिला, वर पुष्पगुच्छ दिला. माफी मागायची खूण मला कोणाकडून शिकायची नव्हती. कानाची पाळी धरायची, मास्तरांच्या भाषेतही तीच. शाळेत शंभर वेळा धरली असेल. पण माझे दोन्ही हात भरलेले होते. मास्तर उठले, त्यांच्या लोकांच्या पद्धतीने दोन्ही हात उंच धरून हलवले. ती टाळी माझ्यासाठी होती.

घरी आल्यावर हिने शाल घडी करून कपाटात ठेवली. नारळ माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "याची चटणी करते. तुम्ही उद्या जाऊन या."

गेलो. रांग होती, रांगेत उभा राहिलो. गल्ल्यावरच्या बाई सुट्टीवर होत्या, त्यांच्या जागी मास्तर स्वतः बसले होते. माझी पाळी आली. भुवई वर गेली: काय? मी हात उचलला. खांद्यापर्यंत आला, गालापर्यंत आला. बोटांना कानाची पाळी लागलीसुद्धा असेल. मास्तर बघत होते. घाई नव्हती त्यांना, कधीच नसे. मागून एक मुलगी म्हणाली, "आजोबा, सांगा ना पटकन, ऑफिसला लेट होतोय."

हात खाली आला. मी डाव्या तळव्यावर फरसाण भुरभुरलं. एक बोट दाखवलं. तोंडापुढे हात पंख्यासारखा हलवला आणि चिमूट धरली.

मास्तरांनी समाधानाने मान डोलावली. खूण अगदी बरोबर होती.