सोळावा तुकडा

सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधायच्या आणि मी त्यातलं लिंबू काढून पोह्यांवर पिळायचे. इतकी मी या बाबतीत निगरगट्ट! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण जे झालं ते झालं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात होते. मेनफ्रेम, म्हणजे कंपनीचा मोठा संगणक, तेव्हा कपाटांची रांगच असायची. आमचे प्रमुख देवरे सर, मूळचे देवळ्याचे. या मशीनवर प्रत्येक फाईलला जागा आधी सांगून ठेवावी लागायची. पहिला तुकडा भरला की मशीन लहान लहान तुकडे जोडत जायचं, पण एकूण सोळाच. सोळावा भरला की प्रोग्राम जागच्या जागी बंद — आणि पडद्यावर बी-३७ हा एरर.

सर जागा मुद्दाम मोजूनमापून द्यायचे. महिन्यातून दोन-तीनदा काहीतरी अडायचंच. मी वैतागायचे. "सर, द्या ना एकदाची भरपूर जागा! कशाला सगळ्यांना पळवता?"

"मशीनले काय समजस?" सर आधी अहिराणीत सुरू व्हायचे, मग माझ्यासाठी मराठीत. "अडलं की माणूस उठून बघायला येतो गं. नाही अडलं तर कोणी ढुंकूनही बघत नाही."

सर निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. त्यांच्या खुर्चीत बसल्यावर मी पहिलं काम काय केलं? सगळ्या फाईलींच्या जागा दहापट केल्या. त्यानंतर बी-३७ एकदाही आला नाही. भारी खूश होते मी स्वतःवर.

हे घडलं त्या दुपारनंतर कारखान्याला चार दिवस सुट्टी होती. घरी सांगून आले होते की इथूनच परस्पर वणीला मावशीकडे जाते. मावशीला मात्र पत्ता नव्हता मी येतेय याचा. ऑफिस रिकामं झालेलं. ऑपरेटर सुनील, देवळाली कॅम्पचा, स्टोअरच्या यादीचा जॉब, म्हणजे प्रोग्राम, चालवत होता. "मी निघतेय रे, हा संपला की तूही जा," असं त्याला सांगून मी निघाले... आणि जाता जाता आठवलं, टेपरूममधल्या, डेटा साठवलेल्या जुन्या टेप बघायच्या राहिल्यात.

टेपरूमचं दार लोखंडी, आगीपासून बचावाचं. कडी बाहेरून, दिव्याचं बटणही बाहेर. नियम असा की आत जाताना दाराला स्टूल लावायचं. मला वरच्या फळीपर्यंत हात पुरेना, म्हणून तेच स्टूल मी ओढून घेतलं. शहाणी ना मी! वॉचमन शेवटची फेरी मारत आला असणार. धप्प! दार बंद, दिवा बंद.

"अहो! कोणी आहे का? सुनील! ए सुनील!" टेपच्या डब्याने दार बडवलं. मशीनरूमच्या एसीच्या घरघरीत कुणाला काय ऐकू जाणार? मोबाईल तेव्हा कुठला? चाचपडत खाली बसले आणि मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. घरच्यांना वाटतंय मी वणीला. सुनीलला वाटतंय मी गेले. चार दिवस इकडे कोणी फिरकणार नाही. खोलीला खिडकी नाही, फट नाही. सुनीलचा जॉब न अडता संपणार आणि तो बॅग उचलून जाणार. अडू नये याची सोय मीच करून ठेवली होती.

रडले. खोटं कशाला सांगू? घामाने पदर भिजला होता. "सर, चुकलं माझं," असं मोठ्याने म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

किती वेळ गेला कळलं नाही. अचानक दिवा लागला, दार करकरलं. समोर सुनील, खांद्याला बॅग.

"आई गं! मॅडम? तुम्ही तर गेला होता ना?"

"तू... तू कसा आलास इकडे?"

"बी-३७ आला ओ! जॉब संपतच आलेला. म्हटलं जुनी टेप लावून डेटा पूर्ववत करावा आणि परत चालवावा, म्हणून टेप न्यायला आलो. अजून पाच मिनिटं, आणि मी बसमध्ये असतो."

पाणी प्यायले आणि मशीनसमोर बसले. जॉबसोबत छापून आलेल्या कागदावर स्पष्ट होतं — सोळा तुकडे भरले, जागा संपली. मग मी त्या फाईलचाच तपशील छापला. तुकडा एकच. तोही अर्धा रिकामा! सरांचे जुने आकडे चुकून लागले म्हणावं, तर तेही नाही, जागा मी दिलेलीच होती. सुनीलने तोच जॉब, तोच डेटा परत चालवला... सुरळीत संपला. सुट्टीनंतर इंजिनिअरने डिस्क तपासली. काहीच बिघाड नव्हता.

त्याच आठवड्यात मी सगळ्या फाईली सरांच्या आकड्यांवर परत आणल्या. नवी पोरं माझ्या नावाने बोटं मोडायची, मी सरांच्या नावाने मोडायचे तशीच. पुढे दोन हजार सालानंतर मेनफ्रेम भंगारात गेलं. ते दोन कागद मात्र अजून माझ्या कपाटात आहेत, एकावर सोळा, दुसऱ्यावर एक. कुणाला यातलं काही उलगडत असेल तर जरूर सांगा, मी इतकी वर्षं डोकं खाजवून थकले. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी काहीतरी अडलं, आणि माणूस उठून बघायला आला.