मॅगझिनच्या ओठावरचा तडा

रायफल मी आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. पेणच्या पोलीस ठाण्यापुढे उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर पाहिली असेल, तेवढीच. तरी सत्त्याण्णव साली उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत रायफलची मॅगझिनं चांगली की वाईट हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी इतक्या तोऱ्यात केलं की आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मॅगझिन म्हणजे रायफलच्या पोटाखाली बसणारी गोळ्यांची वाकडी पेटी. आत स्प्रिंग असते, ती गोळ्या वर ढकलते, आणि तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा त्या गोळ्या अडवून धरतात. त्या कडांना आम्ही ओठ म्हणायचो. ओठाला तडा गेला की गोळी वाकडी चढणार, रायफल अडणार, आणि ऐन वेळी ती ज्याच्या हातात असेल त्याचं काही खरं नाही. पत्र्याची मॅगझिनं महाग पडतात म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याने स्वस्तातली प्लॅस्टिकची करून घ्यायचं मनावर घेतलं आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेठला नमुन्याचं काम दिलं. तोवर आमच्याकडे बादल्यांचे कान आणि मिक्सरची झाकणं निघायची. शेठच्या अंगात एकदम देशसेवा संचारली. आमच्याही, खोटं कशाला बोला.

मी नुकती बी.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची, तपासणीच्या टेबलावर एकटीच. माझं काम असं: मॅगझिन उजेडात धरून पाहायचं, ओठांमधलं अंतर मापायचं, छातीच्या उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर टाकायचं. मग त्यात लाकडी गोळ्या काठोकाठ भरायच्या. त्या आम्ही सुताराकडून कातून घेतल्या होत्या. भरलेलं मॅगझिन पुसून कपाटात आठ दिवस ठेवायचं. भरलं की स्प्रिंग सतत ओठांना आतून ढकलत राहते, त्यामुळे आठ दिवसांनी ओठ कसे आहेत यावर सगळं ठरायचं. नवव्या दिवशी कपाट उघडून मी रजिस्टरमध्ये पास नाहीतर नापास लिहायचे. माझ्या सहीशिवाय एकही नग मुंबईला जात नव्हता. हे मी घरीदारी इतक्यांदा सांगितलं होतं की धाकटी बहीण मला साहेबीणबाई म्हणायची.

मशीनवर एक काका होते. गडबचे, पन्नाशीचे. अर्धं आयुष्य मिठागरावर गेलं, मग कारखान्यात झाडू मारायला आले आणि बघून बघून मशीन शिकले. आयटीआय नाही, सर्टिफिकेट नाही, शाळा चौथी. आमच्या गेटातून बाहेर पडले तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीने त्यांना मशीनला हात लावू दिला नसता. ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. मी सकाळी रामवाडीला एसटीत चढायचे, ते गडबला. मी त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायचे आणि नागोठणं येईपर्यंत त्यांना चिडवायचे.

प्लॅस्टिक साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या रूपात पोत्यातून येतं. हा भारीतला दाणा हवेतली ओल पितो, म्हणून वितळवून साच्यात दाबणाऱ्या मशीनला द्यायच्या आधी तो चार तास हीटरवर सुकवावा लागतो. ओला दाणा वापरला तर वस्तू ठिसूळ निघते. सुकवायचं काम काकांचं.

“काका, आज तरी दाणा नीट शिजवणार का?”

“ताय, घरचा भात कच्चा उतरंल, पन दाना नाय.”

हे आमचं रोजचं बोलणं. त्या माणसाचा हात खरंच असा होता की मशीनचा आवाज जरा बदलला तरी पाठमोरे असताना त्यांना कळायचं.

पहिला लॉट निघाला. उजेडात काचेसारखा स्वच्छ. आपटून पाहिला, ओरखडाही नाही. मी खूश, शेठ खूश. नवव्या दिवशी कपाट उघडलं. जवळजवळ प्रत्येक मॅगझिनच्या ओठाच्या मुळाशी केसासारखा तडा. काहींचा तर अख्खा ओठ तुटून लाकडी गोळ्या कपाटभर पसरल्या होत्या.

दुसऱ्या लॉटचं तेच. तिसऱ्याचं तेच. मला वेड लागायची पाळी आली. पहिल्या दिवशी दगडासारखी असणारी वस्तू बंद कपाटात, कोणी हात न लावता, कशी फुटते? मी मापं पुन्हा घेतली. स्प्रिंगा बदलून पाहिल्या. कॉलेजची पुस्तकं माळ्यावरून काढली. देवापुढे दिवा लावताना मनात मॅगझिनचे ओठ. जेवण जाईना. व्यापाऱ्याचा फोन आला की शेठ मला केबिनमध्ये बोलवायचे आणि फोन माझ्यापुढे धरायचे, म्हणजे शिव्या थेट मलाच ऐकू याव्यात. शेवटी शेठ म्हणाले, “बाई, मला कारण पाहिजे. सोमवारपर्यंत. कारण नसेल तर तपासणीला माणूस ठेवून करू काय मी?”

कारण पाहिजे होतं, आणि कारण समोर उभं होतं. दिवस श्रावणाचे, भिंतींनाही पाणी सुटलेलं. अशा हवेत दाणा ओला राहिला असणार, दुसरं काय? ओल्या दाण्याच्या वस्तूत उजेडाला चांदीच्या रेघा दिसतात हे मी शिकले होते, आणि आमच्या नगांत तशी एकही रेघ नव्हती. ते मला दिसत होतं. पण दिसलेलं मनावर घ्यायचं तर पुन्हा कारणाशिवाय शेठपुढे उभं राहावं लागलं असतं.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ताय, च्यार तास सुकावलाय. घड्याल बघून सुकावलाय.”

“मग तडा काय भुताने पाडला?”

हे मी बोलले. बापाच्या वयाच्या माणसाला, कारखान्यातल्या सगळ्या बायकांसमोर. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मला त्यांचाच राग आला. मी टेबलावर जाऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: दाणा ओला, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली झोकदार सही केली. संध्याकाळी शेठने काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे जाऊन उभे राहिले. गडबला उतरताना मात्र माझ्या सीटपाशी थांबून म्हणाले, “येतो ताय.” मी खिडकीबाहेर पाहत होते.

आता खरं काय ते सांगते. आमचा पेणला घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. वडील रंगकाम करायचे, आम्ही बहिणी हाताखाली वाढलो. रंगाच्या घरात रंग पातळ करायच्या थिनरशिवाय पान हलत नाही. हात थिनरने धुवायचे, ब्रश थिनरने, पाटावरचे डाग थिनरने. थिनर फिरवलं की वस्तू लखलखते हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. रोह्याला शेठच्या स्टोअरमधून मला पुसायला नुसत्या चिंध्या मिळायच्या, मॅगझिनवरचे तेलाचे डाग त्यांनी जायचे नाहीत. म्हणून पहिल्या लॉटपासून मी घरून थिनरची बाटली न्यायला लागले. गोळ्या भरून झाल्या की प्रत्येक मॅगझिन थिनरच्या बोळ्याने पुसून, चकचकीत करून कपाटात ठेवायचे. ओठांच्या कोपऱ्यात तर बोटाने घासून. शेठनेही त्या चकाकीचं कौतुक केलं होतं.

काका गेल्यावर आठवडाभराने कपाट साफ करताना खालच्या फळीवर मागे, तपासायची राहून गेलेली काही भरलेली मॅगझिनं सापडली. तिसऱ्या लॉटमधलीच, काकांच्याच हातची, त्याच दाण्याची. सगळी शाबूत. आणि सगळी कळकट, तेलाच्या बोटांचे ठसे तसेच. मला आठवलं, त्या शनिवारी बाटली संपली होती आणि हे नग न पुसता ठेवले होते.

मी एक मॅगझिन घेतलं, थिनरचा बोळा फिरवला आणि समोर ठेवून बसले. शेजारी बायका बादल्यांचे कान मोजत होत्या, रेडिओ चालू होता. मी देवाला म्हणत होते, नको फुटू दे, नको फुटू दे. अर्ध्या तासात ओठाच्या मुळाशी एक बारीक रेघ उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी. मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

शेठना मी त्याच दिवशी सांगितलं. इतकं तरी केलं. वाटलं होतं, ते मला हाकलतील. त्यांनी मॅगझिन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “थिनर बंद कर. आणि म्हाताऱ्याला बोलाव परत.” माणुसकी म्हणून नव्हे. नव्या सर्टिफिकेटवाल्या ऑपरेटरने आठवडाभरात अर्धा माल भंगारात घातला होता. “मशीन त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही,” असं शेठ स्वतःच्या तोंडाने म्हणाले. मला एवढा आनंद झाला की लाज वाटली.

पण त्याच दिवशी मी गेले नाही. घरी गणपतीची घाई होती, हे खरं. तोंड दाखवायचा धीर होत नव्हता, हे त्याहून खरं. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि पहिल्या रविवारी मी गडबला उतरले. पिशवीत एक चांगलं मॅगझिन, लाकडी गोळ्या आणि थिनरची बाटली.

काका ओटीवर बसले होते. महिनाभरात माणूस एवढा वाळतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. काकूंनी चहा ठेवला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: चूक माझी, थिनर माझं, तुमच्या दाण्याला काही झालं नव्हतं, शेठ बोलावतायत, उद्यापासून या.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “नाय ताय. चूक माझीच व्हती. घावली मना.”

“काय सापडली?”

“मयनाभर इचार केला. तिसरा लॉट काडला त्या सोमवारी पावसाचा मार व्हता, यष्टी चुकली. मी दाहाला पोचलो. दाना टाकला आन् बाराच्या आतच मशीन चालू केली. च्यार तास भरलंच नाय. इसरलो व्हतो, मंग सगला याद आला.”

त्या सोमवारी एसटी चुकलीच नव्हती. आम्ही दोघं एका सीटवर बसून गेलो होतो, आठच्या आत पोचलो होतो, आणि उतरताना त्यांनी आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली होती. मी ते सांगितलं. ते समजूतदारपणे हसले, हट्ट करणाऱ्या पोराकडे बघून हसतात तसे. “तो दिस येगला, ताय.”

“आणि आधीचे दोन लॉट? तेही फुटलेच ना?”

“तवाबी असाच झाला असंल.”

मी पिशवीतून मॅगझिन काढलं, गोळ्या भरल्या, थिनर लावलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. आम्ही तिघं त्या वस्तूकडे बघत बसलो. चहा थंड झाला. रेघ उमटली तेव्हा मी जवळजवळ ओरडले, “बघा! बघा काका!”

त्यांनी मॅगझिन उचललं, ओठावरून अंगठा फिरवला. क्षणभर मला वाटलं, पटलं.

“व्हय. ह्याला तडा थिनरनं गेला,” ते म्हणाले. “त्यांना माझ्यानं गेलेला. तुमी वहीत लिवलेला, सगल्यांनी वाचलेला. तुमी शिकल्याल्या, उगा कशाला लिवशाल?” मग मॅगझिन माझ्या हातात परत देत म्हणाले, “तुमचा मन मोठा हाय म्हनून माझ्यासाठी खोटा बोलताव. पन मी आता मशीनला हात नाय लावायचो. कोनाच्या तरी जिवाची वस्तू ती.”

मी रडले, शपथा घेतल्या, त्यांच्या पाया पडले. ते अवघडून उठले आणि मागच्या दारी गेले.

काकू मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मी त्यांना म्हटलं, मी पुढच्या रविवारी पुन्हा येते, शेठना घेऊन येते, रजिस्टर घेऊन येते. त्यांनी माझा दंड धरला.

“नको गो बाय,” त्या म्हणाल्या. “आता नको काय सांगू त्याला. पयले पंधरा दिस नुसता हात बगीत बसायचा. माझा काय चुकला, माझा काय चुकला, ह्याच. चूक घावली तवापासून दोन घास खातो तरी.”

पेणकडे जाणारी एसटी आली. मी चढले, आणि पुन्हा गडबला उतरले नाही.