संशयाचा आजार

मध्य भारत राज्य नवं होतं, तेव्हा मी उज्जैनच्या कोर्टात कारकून होतो. एका म्हाताऱ्याला वेडा ठरवा, असा अर्ज त्याच्या पुतण्यांनी केला होता. डॉक्टरांनी साक्ष दिली, "पुतणे घर बळकावतील असा यांना सतत संशय येतो. हा मनाचा आजार आहे."

म्हाताऱ्याने टोपी नीट केली आणि स्वतःच विचारलं, "मी वेडा ठरलो तर घर कोणाच्या ताब्यात जाईल?"

"पुतण्यांच्या," डॉक्टर म्हणाले.

"मग याला संशय कसं म्हणता, डॉक्टरसाहेब?"

जज्जसाहेब हसू दाबत म्हणाले, "बात तो सही है." अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर म्हातारा पुतण्यांच्याच टांग्यात चढून बसला. मी बघतच राहिलो, तेव्हा म्हणाला, "फ्रीगंजच्या घरापर्यंत उन्हात पायी जायला मी काय वेडा आहे?"