खांद्यावरची एक थाप

गाडी बदलायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरात दीड वर्ष रोज जेवायला बसायचा. बायको म्हणायची, बदला. मुलगी म्हणायची, बदलणार असाल तर रंग मी सांगणार. इंदापूरचा मेस्त्री इंजिनाला कान लावून म्हणायचा, "गाडी लय गुणाची हाय, पण हिचं पार्ट कंपनीनं बनवायचं सोडलं. अजून एक वरीस वढंल, मग कुठंतरी बसंल." मी कुणालाच सरळ उत्तर देत नव्हतो. लोकांना वाटायचं, माझा त्या गाडीत जीव अडकलाय. तो अडकला होताच, पण खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगितलं असतं तर घरच्यांनी मला आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल. उंच, रुंद सीटची, पुढे वारा अडवणारी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. लासुर्ण्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून ती काढताना मी जरा विचित्रच दिसत असणार. ढोबळी मिरची पिकवणाऱ्या माणसाला असलं घोडं कशाला, हा विषय गावातल्या सलूनमध्ये बरेच दिवस पुरला. घेतली तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चेन बघितली आणि विचारलं, "मागं कोण बसणार?"

"तुमी बसा," मी म्हटलं. मी गमतीनं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कानटोपी घालून दारात उभे.

घरात आमचं बोलणं म्हणजे 'मोटार चालू केली का' आणि 'केली'. एवढ्यावर आम्ही चाळीस वर्षं काढली होती. पण त्या गाडीवर आम्ही कोकण केलं, हंपी केलं, एकदा तर पार कच्छपर्यंत गेलो. तात्यांनी स्वतः स्टीलचा पाइप वाकवून, वेल्डिंग करून मागे धरायला एक दांडी बनवली. फार सुबक काम होतं. त्या दांडीला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. ते माझा उजवा खांदा धरून बसायचे.

खांदा धरण्याचं कारण होतं. तात्या साखर कारखान्यात मिलवर फिटर होते. गाळप चालू असलं की तिथं शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं खांद्यावर बोलतात. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे इकडं बघ. तात्यांनी पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं आणि वर दम भरला, "एकाला थांबायचंच. का म्हून इचारायचं न्हाय. आधी थांबायचं, मग इचारायचं. इचारत बसलेल्यांचं हात गेल्यालं म्या बघितल्यात." हेल्मेट घातल्यावर गाडीवरही कुणाचं काही ऐकू येत नाही. त्यामुळे मिलची भाषा आम्हाला अगदी फिट बसली. तीन थापांवर मी नदी बघितली, हरणं बघितली, एकदा सूर्यास्तही बघितला. तात्या सूर्यास्त बघणारे गृहस्थ आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

या नियमाला एकच अपवाद होता आणि तो आम्ही दोघांनी मिळून केला होता. पुण्याकडून परत येताना हायवेला भिगवणच्या अलीकडे मासळीची हॉटेलं सुरू होतात. तात्यांचा तिथल्या तळलेल्या चिलापी माशावर फार जीव. पण शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी तेल-मीठ बंद केलं आणि आईनं मला बजावलं, "भिगवणात थांबलास तर बघ." तरी पहिल्या हॉटेलाचा बोर्ड दिसला की खांद्यावर एक थाप पडायची. मी हसायचो आणि मुद्दाम गाडी पळवायचो. तात्या पाठीत एक गुद्दा घालायचे. आम्हा दोघांची ती एकमेव चेष्टा. मिलमधला कुठलाच माणूस असली चेष्टा करणार नाही. आम्ही केली, आणि तात्यांनीही ती चालू दिली.

त्या दिवशी आम्ही नाशिकवरून येत होतो. दुपार होती, ऊन मऊ होतं. बोर्ड दिसला, खांद्यावर थाप पडली. मी हसलो, चांगला मनापासून हसलो आणि गाडी पळवली. गुद्दा आला नाही. मला वाटलं, रुसले. भिगवण मागे पडलं, गाडी आत गावाकडच्या रस्त्याला लागली, तेव्हा त्यांचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं, डोळा लागला. झोप मोडू नये म्हणून मी गाडी आणखी हळू केली, खड्डे चुकवत राहिलो. असे आम्ही बराच वेळ गेलो. मग खांद्यावरचा हात घसरून खाली आला.

एका टेम्पोवाल्यानं दवाखान्यात पोहोचवलं. तात्या पुढच्या दिवशी संध्याकाळपर्यंत होते. शुद्धीत होते, आईशी थोडं थोडं बोलत होते. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो आणि आत जायची माझी हिंमत होत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "वळणापाशी एकदम त्रास व्हायला लागला." थापेचं मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

गाडी महिनाभर शेडमध्ये उभी होती. मग एकदा पुण्याच्या मार्केटातलं काम आटोपून मी तिच्यावरून एकटा परत येत होतो. पहिल्या हॉटेलाचा बोर्ड दिसला आणि उजव्या खांद्यावर एक थाप पडली. मी इतका दचकलो की गाडी डिव्हायडरला घासता घासता वाचली. थांबलो, मागे बघितलं. रिकामी सीट आणि तात्यांची दांडी.

भुताखेतावर माझा विश्वास नाही. मी बॅगेचा पट्टा तपासला, जॅकेट बदललं, पुढची काच वरखाली करून बघितली. एकदा नुसत्या शर्टावर गेलो. त्याच पट्ट्यात, तेवढ्याच वजनाची, एकच थाप. आधी मला भीती वाटायची. मग भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. मी तिथं दर वेळी थांबायला लागलो. गाडी बंद करायची, पाच मिनिटं रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. समोर धरणाचं पाणी, त्यात उभे बगळे, मागून तळणाचा वास. दर वेळी थांबत होतो, आणि जेव्हा थांबायचं होतं तेव्हा हसलो होतो.

आता कळेल मी गाडी का बदलत नव्हतो. ती थाप गाडीत असेल तर गाडीबरोबर तात्या जाणार. आणि ती माझ्यात असेल तर नवी गाडी घेऊनही सुटका नाही. दोन्हीतलं काय खरं, हे कळायचीच मला धास्ती होती.

गेल्या दिवाळीनंतर टायमिंग चेननं निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात, ऐन गर्दीत दगा दिला. भाजीवाल्या बायकांनी गाडी ढकलायला मदत केली आणि "दादा, आता हिला पेन्शनीत काढा," असा सल्लाही दिला. मेस्त्रीनं कुठूनतरी जुनी चेन आणून ती कशीबशी चालती केली, पण त्याच आठवड्यात बायकोनं मला बारामतीच्या शोरूमला पिटाळलं. तिथला पोरगेलासा सेल्समन चुणचुणीत होता. नव्या गाडीला म्हणे स्क्रीन आहे, जोरात ब्रेक दाबला तरी चाक घसरत नाही, सीट गरम होत नाही. मी मान डोलवत होतो. मग त्यानं हेल्मेटात बसवायचं एक यंत्र दाखवलं. "सर, ह्यानं मागचा माणूस नुसता कुजबुजला तरी तुम्हाला ऐकू येतं. काही झालं तर लगेच सांगतील."

"नको म्हटलं ना ते," मी ओरडलो. त्यानं काहीच विचारलेलं नव्हतं. सगळं शोरूम माझ्याकडे बघायला लागलं. बिचाऱ्यानं मुकाट्यानं ते यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि चक्कर मारून बघा म्हणून नव्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

चक्कर म्हणजे एमआयडीसीच्या चौकापर्यंत. मी थेट भिगवण गाठलं. खिशात फोन वाजत होता, तो सेल्समनचाच असणार. हायवेला लागून पुण्याच्या दिशेनं पुढे गेलो, वळलो आणि तात्यांबरोबर येत होतो तसा परत आलो. गाडी लोण्यासारखी चालत होती. बोर्ड दिसला. मी खांदा सैल सोडला. पहिलं हॉटेल गेलं, दुसरं गेलं, शेवटचं गेलं. काही नाही. मी पुन्हा वळलो, पुन्हा आलो. काही नाही. आपण सुटलो, असं वाटायला हवं होतं. मी कडेला गाडी लावली आणि हेल्मेट न काढता रडलो, कारण हेल्मेटात कुणाला दिसत नाही.

गाडी शोरूमला परत दिली आणि घरी येऊन सांगितलं, नवी गाडी काही बरोबर नाही, राहू दे. बायकोनं कपाळावर हात मारला. आई भाजी निवडत होती. ती भाजी बाजूला सारून म्हणाली, "जुनी देऊन टाक. सोमवारी जाऊ. म्या येते संगट."

आई त्या गाडीवर कधी बसलेली नव्हती. ती जागा ह्यांची, असं म्हणायची. सोमवारी सकाळी ती एका बाजूला पाय सोडून बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "भिगवणावरनं ने."

"आई, बारामतीला जायचंय. भिगवण कशाला? उलटा फेरा पडतोय."

"पडू दे. त्यांची गाडी हाय, त्यांच्या रस्त्यानं ने."

मी नेली. इतकंच नाही, हायवेला पुढे जाऊन वळून आलो, म्हणजे ती हॉटेलं नेहमीच्या बाजूनं लागतील. आईनं विचारलं नाही की का. बोर्ड दिसला. आज शेवटची, असं मनात म्हटलं. आणि खांद्यावर थाप पडली. एकच. पण या थापेबरोबर बांगड्या वाजल्या.

मी जीव खाऊन ब्रेक दाबला. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत, शिव्या देत बाजूनं गेला. गाडी कडेला घेऊन मी मागे वळलो. "काय झालं? आई, काय हुतंय तुला?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "थांबतोस का बघितलं."

ती सावकाश खाली उतरली, पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दवाखान्यात. मला म्हणालं, हितं छातीत कळ आली, तवा थाप दिली."

"मग?"

"मग म्हणालं, पोरगं हसाय लागलं. हसून खांदा हलत हुता त्याचा. म्हून दुसऱ्यांदा दिली न्हाय. असं हसताना कधी घावत न्हाय, म्हणालं. हसतंय तर हसू दे."

मला संताप आला. कुणावर ते अजूनही सांगता येत नाही, पण निघाला तो तिच्यावर. "दोन वर्सं झाली! आन् तू मला आत्ता सांगतीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस?" आई शांतपणे म्हणाली. "म्या वाट बघत हुते. तू सांगशील, मग म्या सांगंन."

आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. हॉटेलवाल्यानं लांबूनच हात करून टेबल रिकामं असल्याचं सांगितलं. आईनं मान हलवून नको म्हटलं. मग ती पुन्हा मागे बसली. मी गाडी चालू केली, पण गिअर टाकवेना. "देऊ का खरंच?" मी विचारलं. हेल्मेटामुळे तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. खांद्यावर दोन थापा पडल्या.

गाडी दिली. कंपनीची नाही म्हणून शोरूमवाल्यांनी तात्यांची दांडी खोलून माझ्या हातात ठेवली. ती आता शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे. नवी गाडी मुलीनं सांगितलेल्या रंगाची आहे, चांगली चालते, मेस्त्रीही खूश आहे. भिगवणच्या त्या पट्ट्यात आता खांद्यावर काही पडत नाही. तरी मी तिथं थांबतो. आधी थांबायचं, मग विचारायचं, असं तात्यांनी शिकवलं होतं. मी थांबतो, आणि विचारायला मागे कुणी नसतं.