गाडीचा पट्टा

पोराच्या गाडीत बसलो, की पट्ट्यासाठी ती टुंगटुंग वाजते आणि मला ती जुनी रात आठवते. वीसेक वर्षांमागं आमच्या शेणवे गावात बायकोला साप चावला, तेव्हा मी ज्याच्याकडं कामाला होतो त्या शेठनं दवाखान्यात न्यायला दिलेली परदेशी गाडी अशीच वाजत होती. असला पट्टा आमी कधी बघितला नव्हता.

"पट्टा लावा, नायतर ही गाडी गप बसायची नाय," डायवर म्हणाला.

बायको ओरडली, "अवो, मला बांधू नका! मेलेल्याला बांधतात!"

"गप गो," म्हणत मी तिला पट्टा लावला. शहापूरच्या वाटेवर म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक लागला, पट्टा आपोआप आवळला, ती जागची हलली नाय. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, वाचली.

यंदा तिच्या तिरडीची गाठ मीच मारली. या खेपेला ती नको म्हणाली नाय.