डाव्या दाराचा खटका

मी भित्रा माणूस आहे. झोपाळ्यावर बसण्याआधी कड्या तपासतो, आणि घरचे त्यावर हसतात. म्हणून बाबांची जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं मी कबूल केलं, तेव्हा बायकोनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण मागणं आईचं होतं. यंदाच्या भाऊबीजेला तिला त्याच गाडीतून अमरावतीहून अकोल्याला जायचं होतं, आणि तेही आपल्या जुन्या जागी, पुढच्या डाव्या सीटवर बसून. बाबा गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती.

आईचं ओवाळणं हा आमच्याकडे थट्टेचा विषय. मामासमोर ताट धरलं की तिचा हात असा थरथरायचा की निरांजन आता विझतं की मग. "भावाले पाहून भरून येते तिले," बाबा म्हणायचे, आणि आम्ही पोरं दरसाल हसायचो.

मला धास्ती होती ती त्या डाव्या सीटची. या गाडीची पुढची दारं उलटी. बिजागऱ्या मधल्या खांबाला आणि खटका पुढच्या. चालत्या गाडीत खटका सुटला की वारा आत घुसतो आणि दार सताड उघडतं, धरून बसलेल्या माणसालाही ओढून नेतं. सीटबेल्ट नाही. आई ऐंशीच्या घरात.

जुना खटका झिजून गुळगुळीत झाला होता. तसाच नवा बनवणारा एक कारखाना सापडला, तिथून मागवला. हुबेहूब म्हणून आलेली वस्तू हुबेहूब कधीच नसते. याची जीभ जाड, आणि स्क्रूची भोकं आमच्या भोकांशी बोलायला तयार नाहीत. पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरनं गाडी लोखंडी घोड्यांवर अधांतरी चढवली. खटक्याची जीभ जिथे अडकते त्या खांबावरच्या पाटीची भोकं लांबट झालेली होती, कोणी वर्षानुवर्षं बाहेर ओढल्यासारखी. "जुनी गाडी हाय साहेब, चालतेच," तो म्हणाला. मलाही ते पटलं. आम्ही ती वेल्डिंगनं बुजवली आणि नवी पाडली. मग कानस घेऊन मीच बसलो. जिभेला खडू चोळायचा, दार लावायचं, उघडून डाग कुठे उमटला ते पाहायचं, तिथे घासायचं. शेवटी दार ठक्क करून बसलं. मी खांदा लावून ढकललं, लाथ मारली, तरी हललं नाही. त्या रात्री मला बऱ्यापैकी झोप लागली.

भाऊबीजेला मागच्या सीटवर वरूडच्या संत्र्यांचे क्रेट आणि तुरीच्या डाळीचं पोतं चढलं. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा आईचा कायदा. बडनेरा मागे पडलं तेव्हा पाहिलं, तिची डावी मूठ दाराच्या दांडीवर घट्ट होती.

"हात काढ. सुटलं तर ओढली जाशील."

"राहू दे ना रे," ती म्हणाली.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर एक ट्रक खेटून पुढे गेला, आमचं चाक खड्ड्यात आदळलं, आणि तोच ठक्क आवाज आला. दाराच्या फटीतून पळता रस्ता दिसला. माझा पाय ब्रेकवर गेला. आईनं मान वळवली नाही. खांदा आत घेऊन तिनं दार ओढून धरलं होतं. "एकदम दाबू नको. हळू घे बाजूले."

बाभळीखाली गाडी उभी केली. मी उतरून तिच्या बाजूला गेलो. दार लागेचना, जीभ पाटीपर्यंत पोचत नव्हती. हत्यारं काढायला क्रेट आणि पोतं उतरवलं, आणि दार ठक्क करून बसलं. माल चढवला, पुन्हा सुटलं. ओझ्यानं गाडीचं जुनं अंग वाकत होतं आणि खांब दारापासून सरकत होता. आम्ही घोड्यांवरच्या रिकाम्या गाडीला खटका बसवला होता.

"आई, हे आधीपण व्हायचं?"

"दरसाल. माल भरला का सुटेच."

"मी मांडीवर असताना?"

"एका हातानं तुले धरू, एका हातानं दार."

"भेव नव्हतं वाटत?"

"वाटे रे. अकोला येईपर्यंत वाटे."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त त्यायनं गाडीच काढली नसती," ती म्हणाली. "अन् एष्टीनं एकटीले धाडाले ते तयार नव्हते. मंग मले माहेरी कोनं नेलं असतं?"

आईला बसवून, क्रेटची दोरी सोडून मी दार सीटच्या पायाला बांधलं, गाठ तीनतीनदा ओढून पाहिली. तरी आईनं पुन्हा दांडी धरली. अकोल्यापर्यंत मी बैलगाडीच्या चालीनं गेलो. माझा एक डोळा गाठीवर होता, आणि ती मात्र संत्री दबली का म्हणून विचारत होती.

मामा पाटावर बसला. आईनं ताट उचललं आणि निरांजन थरथरायला लागलं.

"भरून आलं वाटते ताईले," मामा हसला.

"हो ना," आई म्हणाली.

तिच्या डाव्या तळहातावर दांडीचा लाल वळ होता. मी जवळ जाऊन ताटाखाली हात धरला.