वाळ्याचा बांध आणि आमचे अण्णा

आमची ही सहल ठरली ती जेवणाच्या ताटावर झालेल्या भांडणातून. साल नक्की आठवत नाही. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल, आणि महिना मे, एवढं पक्कं. मी पुण्यात माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पारनेर तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचांचं त्यांना पत्र आलं. ओढ्यावरच्या मातीच्या बांधावर तिथल्या बायकांनी तीन वर्षांपूर्वी वाळा लावला होता. आता वरच्या अंगाला दुसरा बांध तयार झाला होता. त्यावरही वाळाच लावायचा, की दगडी अस्तराची मंजुरी येईपर्यंत थांबायचं, हे अण्णांनी येऊन सांगावं, अशी विनंती होती.

मी बोलून गेले, "लावू दे की. वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात. माती घट्ट धरतात."

अण्णांनी घास खाली ठेवला. "गवतानं बांध राहिले असते, तर आम्ही तीस वर्षं काय दगडांची आरती करत होतो?"

झालं! दोन दिवसांनी सासरे-सून शिवाजीनगर स्टँडवर हजर.

तेव्हाचा नगर रस्ता म्हणजे आत्ताचा नव्हे. शिरूरपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची, आणि शिरूरला गाडी थांबली की भजी खाऊन माणूस ती पुन्हा जुळवायचा. अण्णा खिडकीत बसून प्रत्येक मोरीला गुण देत होते. "ही बरी आहे. ही कुणी बांधली देव जाणे!" सुप्याला उतरून आम्ही पारनेरची गाडी धरली. राळेगणसिद्धी पाहायला येणाऱ्यांची त्या भागात वर्दळ असायची, त्यामुळे कंडक्टरनं आम्हालाही त्यातलेच समजून विचारलं, "राळेगन का?"

"नाही. पुढं जायचंय. गवत बघायला," मी सांगितलं.

कंडक्टरनं अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं. "का, पुन्यातलं सपलं?"

अख्खी गाडी हसली. अण्णा पारनेर येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. (जाणार असाल तर उन्हाळ्यात टोपी आणि पाणी विसरू नका. शेवटचे दोन कोस आम्ही पायी गेलो. आता म्हणे तिथं डांबरी रस्ता झाला आहे.)

उतरलो सोनाबाईंकडे. वाळा लावणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या. चाळिशीच्या, काटक, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही. त्यांनी माठातलं पाणी पुढे केलं. त्यात वाळ्याची जुडी होती. अहाहा! अण्णांनी लागोपाठ तीन तांबे संपवले. जेवायला हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी आणि ठेचा. असे शेंगोळे मी त्यानंतर कुठे खाल्ले नाहीत, आणि घरी करायला गेले तर त्याची नुसती पेज होते.

जेवणं झाल्यावर सोनाबाई मुद्द्यावर आल्या. "अण्णा, दगुड कवा यील त्याचा नेम न्हाई. नवा बांध पावसाळाभर उघडा ऱ्हायला तर वाहून जाईल, आन तो गाळ सरळ माज्या हिरीत. माजं रान पयलंच हाय खाली. लोक मंतेत, बायांच्या गवतावर काय इस्वास? तुमी काय ते खरं सांगा."

"बघितल्याशिवाय सांगणार नाही," अण्णा म्हणाले.

निजण्याआधी सोनाबाईंनी आम्हा दोघांना वाळ्याच्या मुळांची एकेक जाडजूड जुडी दिली. "बांध बघाया येनाऱ्या समद्या पाहुन्यांला देतो आमी." मी डोळे मिटून वास घेतला आणि जुड्या पिशवीत टाकल्या.

सकाळी उन्हाआधी बांधावर गेलो. उतारावर वाळ्याच्या ओळी कशा ताठ उभ्या होत्या! प्रत्येक ओळीच्या वरच्या बाजूला वाहून आलेली माती अडून पायरी झाली होती. अण्णांनी पहार मागवली आणि ओळीत घातली. वीतभर जाऊन ती अडली. दुसरीकडे घातली, पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे पटलं होतं. मी मनात उड्या मारत होते.

मग आम्ही सांडव्याकडे वळलो, जिथून भरलेल्या बांधाचं जादा पाणी बाहेर पडतं. आणि अण्णा जागीच थबकले. वाळ्याच्या ओळीत खड्डेच खड्डे. ठोंब उपटून टाकलेले, माती भुसभुशीत. पहार नुसत्या हाताच्या दाबानं निम्मी आत गेली.

"हे कुणी केलं?" त्यांचा आवाज चढला.

"आमीच," सोनाबाई म्हणाल्या. "हितली माती मऊ, मुळ्या लवकर निघत्यात. दारी आलेल्या पाहुन्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, अण्णा? दुसरं हाय काय आमच्याकडं?" बोलता बोलताच त्यांनी एकेक खड्डा नजरेनं मोजला आणि त्यांना रडू फुटलं. "साहेब लोक आले, कालिजाची पोरं आली... समद्यांला दिल्या. मंजी बांध आमीच वाटून टाकला की वो! आता तुमी न्हाईच मननार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माती तपासणं माझा धंदा, आणि ती जुडी हुंगताना ही मुळं कुठून खणली असं एकदाही मनात आलं नव्हतं!

अण्णा बराच वेळ खड्ड्यांपाशी फिरले. "रडू नका," ते शेवटी म्हणाले. "गवत पास झालंय. पाहुणचार नापास झालाय. माती ठोकायला धुम्मस आहे का गावात?"

मग दुपारपर्यंत आम्ही सगळ्या बायका ओली माती पाट्यांनी आणून खड्डे भरत होतो आणि धुम्मसानं ठोकत होतो. अण्णा छत्री धरून दगडावर बसले होते. "थर चार बोटांचाच! सूनबाई, प्रयोगशाळेत अशीच माती कुरवाळता का?" माझ्या तळहातांना फोड आले. पावसाळा लागला की तिथं नवे ठोंब लावायचं ठरलं.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. अण्णांनी सरपंचांना सांगितलं, "सांडव्याच्या तोंडाशी ओढ्यातलेच दगड रचा. बाकी सगळ्या उतारावर वाळा. मंजुरीची वाट बघू नका. आणि यापुढे मूळ कुणालाही द्यायचं नाही. द्यायचाच असेल तर लावायला ठोंब द्या, तोही वेगळ्या वाफ्यातला, बांधावरचा नव्हे." मग आमच्या दोन्ही जुड्या त्यांनी सोनाबाईंपुढे ठेवल्या. "ही मुळं काही परत जमिनीत जायची नाहीत. पण आम्ही नेणार नाही."

सोनाबाई पदरानं डोळे पुसत हसल्या. "मंजी पयल्यांदाच पाहुना रिकामा चालला माज्या घरून."

त्या प्रवासाचं माझ्याकडे काय उरलं? एकही फोटो नाही. फोड कधीच गेले, आणि अण्णांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. नगर रस्त्यानं जाताना एखादी मोरी दिसली की मी अजून गाडीत मोठ्यानं गुण देते, मुलं हसतात, आणि मला अण्णांची फार फार आठवण येते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एक पोस्टकार्ड आलं. सोनाबाईंनी लेकीकडून लिहून घेतलं होतं: "अण्णा, लई पाऊस झाला. दोनी बांध जागेवर हायेत. सांडव्याकडचा नवा वाळा गुडघ्याला लागला. हिरीचं पानी नितळ हाय. काळजी नसावी."

अण्णांनी ते एकदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "काय अण्णा, हरलात ना गवतापुढं?" वाटलं होतं, उसळतील.

"तीस वर्षं बांध बांधले, सूनबाई," ते कार्डावरून हात फिरवत म्हणाले. "पण माझा बांध कसा आहे, हे आजवर कुणी मला कळवलं नव्हतं."